गिरणीवाल्या पुष्पावतीचा जवाब

खरं सांगा, गाण्याच्या सामन्यात मागं बसून टाळ्या धरणाऱ्या बाईचं नाव तुम्ही कधी विचारलंय? न्हाई ना? मग ऐका.

सोनईच्या आमच्या वस्तीत पुष्पावती पिठाची गिरणी चालवायची. पट्ट्याचा जोड चाकावर आला की टक्क व्हायचं, आणि त्या ठेक्यावर बाई गाणी जुळवायची. इंजिनाच्या वर आवाज काढून गायची, त्यामुळं गळा असा की दळणाला आलेल्या बाया रस्त्यातच ओळखायच्या, गिरणी चालूय. थोरला भाऊ कारभारी याची गायन पार्टी होती. गाणी हिची, गायचा तो. ही कोरसात.

चौऱ्याण्णवच्या भीमजयंतीला अकोल्याच्या आसारामच्या पार्टीशी सामना ठरला. ऐन दिवशी कारभारीचा घसा बसला.

"दादा, मी बसते पुढं."

"पुष्पे, हरलीस तर?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हरले तर जन्मभर कोरसात. जिंकले तर पुढची जागा माझी. कबूल?"

कारभारीनं मान डोलावली.

संध्याकाळी मांडव गच्च. सामन्याचा कायदा कडक: समोरच्यानं सवाल टाकला की ढोलकी थांबायच्या आत, त्याच चालीत जवाब. आसाराम मिशीवर हात फिरवत उठला:

"चूल सोडून आलीस बाई, भाकर करील कोण?
मर्दांच्या या सामन्यामंदी तुला विचारतंय कोण?"

पोरं शिट्ट्या मारायला लागली. पुष्पावतीनं माईक धरला आणि सवयीनं इंजिनावर ओरडावं तशी ओरडली. कर्णा असा किंचाळला की पुढच्या रांगेनं कान झाकले.

"आवं ताई, दळण न्हाई, गानं हाय हे!" आसाराम म्हणाला. मांडव हसून लोळला.

ढोलकी तर थांबत आलेली. इथं काहीतरी चुकत होतं. काय? अरे, टक्क कुठंय!

तिनं माईक बाजूला सारला. "भीमा, गिरणीचा पट्टा वाजव!"

ढोलकीवाला भीमा लहानपणापासून तिच्याकडं दळण आणायचा. त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती. टक्क-धडक, टक्क-धडक. बाईचा गळा मोकळा सुटला, माईकबिगर, पार मागच्या लिंबापर्यंत:

"तुझ्या पाळण्याशी गायली आई, तिचा उस्ताद व्हता कोण?
बाईच्या तोंडून बोलाया शिकलास, बाईला अडवणार कोण?
दळणबी माझं, गानंबी माझं, मधी तू रं कोण?"

मांडव उठला! आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या भामाबाईनं तर खुशीनं बसल्या जागी चप्पल उंच फिरवली. आसाराम शब्द जुळवत होता, तेवढ्यात ढोलकी थांबली. मग गडी मोकळा हसला आणि हात जोडून म्हणाला, "ताई, तुमी आमच्या पार्टीत या, मी कोरसात बसतो."

"आधी टाळ्या धरायला शीक," पुष्पावती म्हणाली.

कारभारीनं आपली पेटी उचलली आणि तिच्यापुढं ठेवली. पार्टीच्या फलकावरचं स्वतःचं नाव त्यानं दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं खरवडलं. तिथं आता 'पुष्पावती आणि पार्टी' आहे.

तुमच्या गावातही पार्ट्यांचे फलक रंगतील. हात जोडून सांगतो, रंग कालवायच्या आधी कोरसातल्या बाईला एकदा पुढं बसवून ऐका.