सगुणाचा कॉलमन

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्यात नवसू देसलेच्या घरावरून नवखा माणूस गेला तर त्याला वाटायचं, आत चार-पाच जण बसलेत. एक जण हिंदीत कुरकुरतोय, "अरे भाई, इंजिन को बोल, चाय पी के आता हूँ." दुसरा गोव्याकडच्या हेलात म्हणतोय, "टू मिनिट, मॅन, टू मिनिट, बूट खंय गेलो माजो?" आणि मधूनच एक बाई खेकसते, "अवो, दूध चाललं उतू!"

आत एकटा नवसू असायचा. हिंदीवाला शेख ड्रायव्हर आणि बूट शोधणारा डिकॉस्टा ड्रायव्हर कधीच देवाघरी गेलेले. दुधावर ओरडणारी तानी, त्याची बायको, तिला जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी कल्याणला. नवसू स्वतःलाच तानीच्या आवाजात दटावायचा, मग स्वतःच्या आवाजात "हो गो, बघतो" म्हणून गॅस बारीक करायचा. दूध तरीही उतू जायचंच.

तीन वर्षांपूर्वी टोकावड्याच्या अलीकडे धर्मा पवाराच्या वरकस जमिनीत, म्हणजे जिथं भात होत नाही अशा त्याच्या माळावर, एका ट्रेलरवरून इंजिन उतरलं. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं, उसाच्या गाड्या ओढणारं, हत्तीच्या पिल्लाएवढं. डोंबिवली-कल्याणकडची अकरा हौशी माणसं त्याच्यामागे आली. त्यांनी अर्धा किलोमीटर रूळ टाकला, इंजिनाला सगुणा नाव ठेवलं आणि जाहीर केलं, की ज्या तालुक्यात आजवर रेल्वे आली नाही तिथं वाफेची गाडी आम्ही चालवणार. पगार कुणालाच नाही. रविवारी यायचं, गंज खरवडायचा, डबा खायचा, जायचं.

टोकावड्याच्या चहावाल्यानं त्यांना सांगितलं, "आमचा नवसू व्हता की रेल्वेत."

या हौशी मंडळाच्या सेक्रेटरी योगिनीताई कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही वाफेच्या इंजिनावर होतात?"

नवसूनं मान हलवली. एवढंच. तोंडानं तो काही बोलला नव्हता, पण मान हलली ती हललीच. त्या दिवसापासून तो फायरमनकाका झाला.

खरं म्हणजे नवसूनं इंजिनात कधी फावडंभर कोळसा टाकला नव्हता. मनमाडच्या शेडात तो कॉलमन होता. कुठल्या गाडीवर कोण जाणार हे ठरलं, की कॉलमननं लांबलचक वही काखेत मारून त्या ड्रायव्हरच्या, फायरमनच्या दारात जायचं, हुकूम वाचायचा आणि सही घ्यायची. तो ओट्यावर उभा असताना आतून जी काय बडबड, शिव्या, इंजिनाच्या तक्रारी ऐकू यायच्या, ती सगळी नवसूच्या कानात जाऊन बसली होती. वाफ गेली, वही गेली. नवसू पुढे कल्याणच्या एका ऑफिसात शिपाई म्हणून निवृत्त झाला. कानातलं मात्र तसंच राहिलं.

म्हणून तर खोटं तीन वर्षं टिकलं. दुसऱ्या वर्षी कंप्रेसरच्या हवेवर सगुणाची चाकं फिरवून पाहिली, तेव्हा नवसू डोळे मिटून म्हणाला, "लंगडतेय. छक्-छक्-छक्-छुक्. डाव्या बाजूचा वाल्व बघा." बघितलं तर तसंच निघालं. दिपेश, कॉम्प्युटरच्या कंपनीतला पोरगेला मेंबर, त्यानं लगेच मोबाइलवर शूटिंग काढलं. "काका, लीजंड आहात तुम्ही!" नवसूला लीजंड म्हणजे काय ते कळलं नाही, पण त्या आठवड्यात त्यानं घरी दिपेशचाही आवाज बसवला.

हळूहळू अकराचे सात झाले, सातांचे नवसू धरून चार. दिवाळीला दिपेशनं ग्रुपवर टाकलं, "काही जण फक्त सल्ले देतात." शहापूरच्या साईनाथ विशेला ते झोंबलं. साईनाथ म्हणजे मंडळातला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनावर नोकरी केलेला खरा माणूस. बॉयलर सांभाळायचं सर्टिफिकेट फक्त त्याच्याकडे. तो ग्रुपमधून बाहेर पडला आणि माळावरूनही गेला. त्यानंतर कित्येक रविवार नवसू एकटाच डबा घेऊन यायचा, सगुणाच्या चाकाला टेकून भाकर खायचा, शेख आणि डिकॉस्टाची भांडणं तिला ऐकवायचा आणि शेवटच्या एसटीनं घरी जायचा.

जानेवारीत धर्मा पवार येऊन उभा राहिला. "नवसूदादा, तुझ्या शेटलोकांना सांग. शिमग्यापर्यंत चालली तर र्‍हाऊ द्या, नाय तर उचला भांडं. मला काकडी लावायचीय."

योगिनीताईंनी धावपळ करून बॉयलर इन्स्पेक्टरची तारीख मिळवली. मंगळवार. पुढची तारीख शिमग्यानंतरची होती. त्या दिवशी सगुणानं वाफ धरून दाखवली तर ती माळावर राहणार. नाहीतर काकडी.

आधीच्या बुधवारी ताई आणि दिपेश फॉर्म घेऊन आले. "काका, साईनाथ फोन उचलत नाहीत. बॉयलरवर तुमचंच नाव टाकते. सर्व्हिसचा काही कागद आहे?"

नवसूनं घरून पत्र्याची पेटीच आणली होती. कागद काढून दिला आणि सगुणाकडे बघत बसला.

ताईंनी वाचलं. परत वाचलं. "कॉलमन?"

"हो."

"म्हणजे इंजिनावर तुम्ही…"

"पायरीवं पाय नाय ठेवला ताई कधी. तुमी इचारलं, मान हालली. मंग मागं घेताच नाय आली."

दिपेश हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. फायरमनकाका म्हणून कुणी हाक मारायचं हे आता संपलं, नवसूला कळलं. ताईंनी फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या.

"मग झालं," दिपेश म्हणाला. "साईनाथकाका येणार नाहीत. मी दोनदा सॉरी टाकलंय. ब्लू टिक आहे, उत्तर नाही."

"फोनवं नाय येत इंजिनवाला माणूस," नवसू म्हणाला. "त्याला कॉल द्यावा लागतो."

"अहो, कॉलच तर केला ना!"

"तो नाय रे. माजा."

दुसऱ्या दिवशी त्यानं मुरबाडच्या स्टँडसमोरून लांब वही घेतली आणि पट्टीनं रकाने आखले. नाव, काम, इंजिन, दिवस, हजर व्हायची वेळ, सही. पांढरा सदरा घातला आणि शहापूरच्या गाडीत बसला. वाटेत त्यानं स्वतःला बजावलं. कॉलमन विनवण्या करत नाही. कॉलमन आत बसत नाही, चहा घेत नाही, कोणाची बाजू सांगत नाही. वाचायचं आणि सही घ्यायची.

साईनाथ ओट्यावर वाल सोलत होता. नवसूला बघून त्यानं मान फिरवली. "आलास? त्या दिपेशानं पाठवला ना? सांग त्याला, सल्ले संपले माजे."

नवसूनं चप्पल काढली नाही. वही उघडली. घसा खाकरला आणि मनमाडच्या चाळीत घुमायचा तो आवाज चाळीस वर्षांनी बाहेर काढला. ना वर, ना खाली, पोस्टाच्या शिक्क्यासारखा.

"विशे साईनाथ रामा. इंजिन सगुणा. मंगळवार. हजर सहा वाजता. काम बॉयलर. सही."

"अरे, बस तरी."

"सही."

"येडा झाला का तू? रिटायर माणूस मी."

नवसूनं पेन पुढे धरलं. साईनाथ पेनाकडे बघत राहिला. कॉलवर सही केली की यायचं आणि यायचं नसेल तर सही करायची नाही, आजारी आहे असं लिहायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. "आजारी नाय मी," तो आपल्याशीच पुटपुटला. वालाचे हात धोतराला पुसले, सही केली आणि कुणी न सांगता बाजूला वेळ घातली, १६.४०. मग स्वतःच्या अक्षराकडे बघून एकदम हसत सुटला. "च्यायला! हात विसरला नाय रे!"

नवसू हसला नाही. कॉलमन हसत नाही. स्टँडवर येऊन एसटीत बसल्यावर मग तो खिडकीकडे तोंड करून हसला.

योगिनीताईंनी डोंबिवलीच्या दारात सही केली, दिपेशनं कल्याणला त्याच्या बिल्डिंगच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीवर वही ठेवून.

मंगळवारी सहाला साईनाथ हजर होता. लाकडं पेटली, मग कोळसा. नऊपर्यंत सगुणाच्या अंगातून कुरकुर यायला लागली. दहाला वाफेच्या दाबाचा काटा हवा तिथं चढला, वरून वाफ सुटली, इन्स्पेक्टरसाहेबांनी कानावर हात ठेवले आणि मान डोलावली. नवसू रुळापासून दहा पावलं लांब, वही काखेत घेऊन उभा होता.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

दिपेशनं ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "हे आमचे कॉलमन. हे नसते तर आज इथं कुणीच नसतं."

साहेबांनी सही केली. सगुणा अर्धा किलोमीटर गेली आणि अर्धा किलोमीटर आली. धर्मा पवार बांधावरून बघत होता. "काकडी गेली म्हनायची," तो म्हणाला आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

आग विझवून निघताना साईनाथनं नवसूच्या काखेतून वही ओढली. वाकडीतिकडी एक ओळ भरली आणि नवसूच्या वरताण खडा आवाज काढायला गेला, पण तो फाटला. "देसले नवसू पांडू! इंजिन सगुणा. रविवार. हजर सहा. काम… काम फायरमनच्या हाताखाली. शिकायचं. सही!"

नवसूनं पेन घेतलं. इतकी वर्षं वही वाहिली, तिच्यात त्याच्या नावाची ओळ कधी नव्हती. सहीचं टोक कुठून सुरू करायचं तेच त्याला सुचेना. शेवटी झाली. बाजूला त्यानं वेळ घातली, १५.१०.

गाडीत बसून तिघं गेले. धूळ बसली. सगुणाचं पोट अजून गरम होतं, आत कुठंतरी टिक्, टिक् वाजत होतं. नवसूनं हळूच तसाच आवाज काढून बघितला. टिक्. ती पुन्हा वाजली. त्यानं पुन्हा काढला. मग ती गार झाली.

घरी येऊन त्यानं दूध गॅसवर ठेवलं आणि वही उघडून स्वतःच्या नावाची ओळ तानीला वाचून दाखवली, मोठ्यानं, कॉलमनच्या आवाजात. मग तिच्या आवाजात काय म्हणावं ते त्याला काही केल्या जमेना. दूध उतू गेलं.

रविवारला अजून पाच दिवस होते.