कंपाउंडच्या भिंतीवर कोण नाचलं?

योगिनी बिदरकर वकील झाली ती एका साक्षीमुळे, आणि ती साक्षही धड झाली नव्हती.

तेव्हा ती हैदराबादच्या एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनियर होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायांत जाड बूट आणि केसांत कायमची सिमेंटची भुकटी. सुलतान बाजारातल्या बिदरकरांच्या घरात पणजोबांपासून सगळे वकील. वडील एकनाथराव, म्हणजे तिचे नाना, तर जुन्या हैदराबादी वळणाचे. मराठी बोलतानाही मुवक्किल, गवाह, पेशी हे शब्द त्यांच्या तोंडून आपसूक यायचे. मुलीनं घरातल्या कायद्याच्या पुस्तकांकडे पाठ फिरवून इंजिनियरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा ते बरेच दिवस घुश्शात होते. मग एकदा तिच्या साइटवर गेले. क्रेनखाली उभी राहून ती मिस्त्र्यांना तेलुगूत खणखणीत आवाजात सूचना देत होती. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "आवाज माझाच घेतलाय पोरीनं. जागा तेवढी चुकली."

अशातच तिच्या साइटला लागून असलेल्या इमारतीचा एक सज्जा कोसळला. नशीब, खाली कुणी नव्हतं. पण दावा लागला आणि योगिनीला साक्षीला बोलावणं आलं. सज्ज्याच्या सळ्या स्लॅबमध्ये वरच्या अंगाला हव्यात. तिथे त्या खाली टाकल्या होत्या. काम चालू असताना तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिथल्या माणसांना सांगितलंही होतं. हे कोर्टात सांगायला ती अगदी उत्साहानं गेली.

वकिलांनी विचारलं, सिमेंट कुठलं होतं? पाऊस होता का? तुम्ही तिथून किती अंतरावर होतात? सळ्यांचं नाव कुणी काढेना. शेवटी न राहवून तिनंच तोंड उघडलं, तर न्यायाधीश म्हणाले, "विचारलंय तेवढंच सांगा."

तिथून थेट माहेरी येऊन तिनं ताट असं आदळलं की आई सुशीलाबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. एकनाथरावांनी सगळी हकिकत ऐकली आणि ते पोट धरून हसले.

"गवाहला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, बेटा. विचारणाऱ्याच्या जागी उभं राहायचं तर काळा कोट लागतो."

"मग शिवून घेते," योगिनी म्हणाली.

नानांना वाटलं, पोरगी रागात बोलतेय. पण पुढच्याच वर्षी तिनं संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. नवरा सुमित बँकेत होता. भाताचा कुकर आणि मुलीचा अभ्यास त्यानं स्वतःकडे घेतला. साइटवरून थेट वर्गात, बुटांवरची माती तशीच. आणि दर रविवारी सकाळी माहेरी नानांची शिकवणी.

"सवाल छोटा ठेवायचा," ते सांगायचे. "एका सवालात एकच बात. आणि जवाब ठाऊक नसेल, तर सवाल करायचाच नाही. हौलेपणा असतो तो, शुद्ध वेडेपणा."

या शिकवणीचा सराव घरात सुमितवर व्हायचा. बरणीतलं लोणचं कुणी संपवलं यावर तिनं त्याची अशी उलटतपासणी घेतली, की त्यानं न खाल्लेल्या फोडींचीही कबुली दिली.

सनद मिळाली, नोकरी सुटली. कोर्टाच्या आवारात सुरुवातीला तिला 'मिस्त्रीमॅडम' म्हणायचे. ती हसून मान डोलवायची. वाटण्यांचे आणि भाडेकरूंचे दावे नानांच्या जुन्या ओळखींतून येत. गळक्या गच्च्या, खचलेले जिने आणि तिरक्या भिंती यांचे दावे तिनं स्वतः मिळवलेले. ओल कुठून आली हे पक्षकाराआधी तिलाच कळायचं, आणि ते कळलं की तिला मनापासून आनंद व्हायचा.

अशात एके दिवशी मलकपेठहून भाग्यलक्ष्मी आल्या. साठीच्या, ताठ कण्याच्या, कुचिपुडीच्या गुरू. राहत्या घरातल्या मागच्या मोठ्या खोलीत त्यांचा नाचाचा वर्ग चाले. अर्ध्या मोहल्ल्याच्या मुली तिथे शिकून गेल्या होत्या. शेजारच्या प्लॉटवर एका बिल्डरनं तळघरासाठी खोल खड्डा खणला आणि यांच्या घराला तडे गेले. पालिकेनं वर्ग बंद ठेवायला सांगितलं. भाग्यलक्ष्मींनी दावा लावला, तर बिल्डरचं उत्तर आलं, की घर आमच्या खड्ड्यानं हललेलंच नाही. वर्षानुवर्षं मुली पाय आपटतात, त्यानं भिंती फाटल्या.

"म्हणजे माझ्या पोरींनी घर पाडलं!" भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. तेलुगू रीतीनं त्या प्रत्येकाच्या नावाला आदराचं 'गारू' लावत. "योगिनीगारू, मी त्यांना पाय जोरात टाका म्हणून ओरडायचे हो. खरंच माझंच चुकलं का?"

"अम्मा, आधी घर बघू," योगिनी म्हणाली.

ती घरभर फिरली. पलंगाखाली वाकली, ओट्यामागे डोकावली, अंगणात गेली. बाहेर आली ती हसतच. "तुमच्या मुलींना सांगा, घुंगरं पुसून ठेवा."

सुनावणीत बिल्डरच्या बाजूनं हर्षवर्धन नावाचे नावाजलेले वकील उभे होते. त्यांनी आपले तज्ज्ञ साक्षीदार बोलावले. पिंजऱ्यात प्राध्यापक यशवंत औरादकर उभे होते. पाया आणि माती हा विषय तिला याच सरांनी शिकवला होता. त्यांचा तास तिनं कधी चुकवला नव्हता, आणि त्यांच्यासमोर मान वर करून बोलायची हिंमतही कधी झाली नव्हती. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ओळख पटली की नाही, कळेना.

ती घोटभर पाणी प्यायली. सवाल छोटा ठेवायचा.

"सर, त्या घरात आपण कुठल्या खोल्या पाहिल्यात?"

"नृत्याची खोली."

"स्वयंपाकघर?"

"नाही. तिकडे मला नेलं नाही."

"स्वयंपाकघरालाही तडे आहेत, हे आपल्याला सांगितलं होतं?"

"नाही." सरांच्या कपाळावर आठी पडली.

"स्वयंपाकघर खड्ड्याच्या बाजूला आहे आणि नाचाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, हे आपल्याला ठाऊक आहे?"

"आत्ता कळतंय."

"आणि सर्वांत मोठी भेग अंगणातल्या कंपाउंडच्या भिंतीला आहे. सर, कंपाउंडच्या भिंतीवर किती मुली नाचत असतील?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी टेबलावर टकटक केली, पण त्यांनाही ओठ दाबून धरावे लागले. हर्षवर्धन ताडकन उठले. पण औरादकर सर हसले नाहीत. ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "मॅडम, मला ती भिंत दाखवलेली नाही. मी ती पाहू इच्छितो. न पाहता पुढे बोलणं मला बरोबर वाटत नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला. "सगळेच पाहू या," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सकाळी कोर्टच मलकपेठला गेलं. गल्लीत काळे कोट पाहून समोरच्या गच्च्यांवर माणसं जमली. सर सरळ अंगणात गेले. कंपाउंडच्या भिंतीपाशी वाकून त्यांनी भेगेत बोटं घातली. वर रुंद, खाली निमुळती. मग टाचा उंचावून पलीकडच्या खड्ड्यात पाहिलं. कडा उभी कापलेली, माती धरून ठेवायला काही म्हणजे काही नाही. स्वयंपाकघरातली भेगही तशीच, खड्ड्याच्या दिशेनं तिरकी चढत गेलेली. नाचाच्या खोलीत मात्र गिलाव्यावरच्या बारीक रेघांखेरीज काही नव्हतं.

सरांनी हात झटकले. "खड्ड्याकडची जमीन खचली आणि घराची ती बाजू तिच्याबरोबर खाली बसली. नाचाचा यात काही संबंध नाही. माझं आधीचं मत मी मागे घेतो." मग योगिनीकडे बोट करून ते पुढे म्हणाले, "या मुलीला हे मीच शिकवलंय. तिच्या लक्षात राहिलं आणि मी मात्र एका खोलीवर भागवलं. मॅडम, हेही लिहून घ्या."

भाग्यलक्ष्मींनी डोळ्यांना पदर लावला. दारात घोळका करून उभ्या असलेल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि या खेपेला न्यायाधीशबाईंनी कुणाला गप्प केलं नाही.

त्यानंतर बिल्डरनं फार ताणलं नाही. हर्षवर्धननीच त्याला समजावलं म्हणे. कोर्टापुढे तडजोड झाली: खड्ड्याला आधाराची भिंत, घराच्या पायाला मजबुती आणि दुरुस्तीचा सगळा भार बिल्डरवर. काम औरादकर सरांच्या देखरेखीखाली व्हावं, असं दोन्ही बाजूंनी मागितलं. सरही हौसेनं रोज हजर राहायचे.

वर्ग पुन्हा सुरू झाला त्या संध्याकाळी भाग्यलक्ष्मींनी सगळ्यांना बोलावलं. एकनाथराव बेगम बाजारातून काजू-बदामाचा भला मोठा पुडा घेऊन आले आणि येईल त्याच्या हातावर मूठ मूठ ठेवू लागले. मुली नाचल्या, अगदी दणादण पाय टाकत. सर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

नाच संपल्यावर हर्षवर्धन योगिनीपाशी आले. जरा घुटमळले.

"मॅडम, खरं सांगू? खटला मी लढवला, पण खड्ड्याचा नकाशा मला वाचता येत नव्हता. शिकवाल?"

"शिकवीन की. पण पुस्तकात नाही, साइटवर. आणि बूट लागतील."

त्या शनिवारी ते एकटे आले. पुढच्या खेपेला आणखी चार जण घेऊन आले. आता महिन्यातून एका शनिवारी योगिनी वकिलांचा ताफा घेऊन चालू बांधकामावर जाते. पांढऱ्या शर्टांवर हेल्मेट, हातात टेप, आणि "बीम कुठला, कॉलम कुठला?" विचारलं की सगळ्यांची बोटं चुकत चुकत चार दिशांना. मिस्त्री मनसोक्त हसतात आणि चहा मागवतात.

गेल्या महिन्यात एकनाथरावही हट्टानं आले. योगिनी म्हणाली, "नाना, तुम्ही खालीच बसा, वर जिन्याला कठडा नाही अजून." त्यांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि ते कडाडले, "कठडा का नाही? कंत्राटदार कोण आहे? त्याला बोलवा पुढे!"

आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला. कंत्राटदार धावत खाली आला, आणि दुपारच्या आत जिन्याला कठडा लागला.