कुंभार पिंपळगावच्या विहिरीतलं कासव

जालन्याहून कुंभार पिंपळगावची एसटी सुटली तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात नवा रोल होता. मगर, खवल्या मांजर, कासव यांच्या अंगावरच्या ढाली मी कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो होतो. जिवंत प्राण्यावर मात्र एकही पाहिली नव्हती. बहिणीचे दीर बाबाराव एका लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, "आमच्या हिरीत कासव हाय. पाठीवर ढालीच ढाली." एवढ्यावर मी रजा टाकली.

मळ्यात पोचलो तर विहीर खोल करणं चाललेलं. दुपारी सुरुंग उडणार होता आणि कासव तळाच्या डबक्यातच होतं.

"त्याला आधी वर काढा," बाबारावांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणत होत्या.

"त्याला ढाल हाय, काय व्हत न्हाई. माणसं खोळंबून राह्यलीत." बाबाराव माझ्याकडे वळले. "सांगा पाव्हणं, तुम्ही तर हेच शिकवता."

शिकवत होतो खरं. पण मला फोटो हवा होता, म्हणून मी भूतदयेची बाजू घेतली.

कुरकुरत बाबाराव स्वतःच उतरले. बांबूची दुरडी वर आली. आत ताटाएवढं, ओलं, गुळगुळीत कासव. पाठीवर नुसतं चामडं. कडेला बोट लावलं तर दबलं.

"हे मऊ पाठीचं," मी म्हणालो. "याला ढाली नसतात."

बाबारावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "इतकी वर्सं वरूनच बघून राह्यलो," ते हळू आवाजात म्हणाले. "मंग आज मारलंच असतं की आपण."

कौसल्याबाईंनी ओलं गोणपाट कासवावर टाकलं, मला भाकरी-ठेचा वाढला आणि जेवण होताच दुरडी माझ्या हातात दिली. माझ्या परतीच्या वाटेवर तीर्थपुरी, तीर्थपुरीत त्यांचं माहेर, माहेरी विहीर. मला कुणी विचारलं नाही.

"काय हाय त्यात?" एसटीत कंडक्टरनं विचारलं.

"कासव."

"चावतं का?"

मी नाही म्हणालो आणि कासवानं गोणपाटातून माझा अंगठा धरला.

"मंग मागं बसा," कंडक्टर शांतपणे म्हणाला.

तीर्थपुरीला कौसल्याबाईंच्या भावानं कासव पाण्यात सोडलं. ते तडक तळाशी गेलं.

जालन्याला उतरलो तेव्हा कॅमेऱ्यातला रोल कोराच होता आणि मनगटं आखडली होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही तळवे त्या मऊ पाठीवर धरून बसलो होतो, चावा घेतलेल्या अंगठ्यासकट, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.