रोज पाचशे शब्द

कादंबरी लिहिणारी चार माणसं एकत्र आली की कादंबरी सोडून बाकी सगळं होतं. चहा होतो, पोहे होतात, रुसवेफुगवे होतात. आणि किस्से तर असे साचतात, जसा कूलरच्या टाकीत गाळ!

आमचा ग्रुप सक्करदऱ्याचा. दर रविवारी सकाळी देशकर सरांच्या गच्चीवर बैठक. नियम एकच. प्रत्येकानं रोज पाचशे शब्द लिहायचे आणि संध्याकाळी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आकडा टाकायचा. काय लिहिलं, कसं लिहिलं, हे रविवारपर्यंत कुणी विचारायचं नाही. आकडा तेवढा विचारायचा!

या नियमातून आजवर पुस्तक एकही निघालं नाही. जे निघालं ते सांगतो.

*

देशकर सर विमा कंपनीतून रिटायर झालेले. सगळी नोकरी टार्गेटच्या मागे धावण्यात गेली, त्यामुळे रोज पाचशेची कल्पना त्यांचीच. पहिल्या संध्याकाळी पहिला आकडाही त्यांचाच आला. पाचशे सात! आम्ही गारच पडलो.

रविवारी सरांनी ते पाचशे सात शब्द वाचून दाखवले. ती अर्पणपत्रिका होती! कादंबरीचा पत्ता नाही, नायकाचं नाव ठरलेलं नाही, पण ती कुणाला अर्पण करायची हे मात्र पक्कं. त्यात प्राथमिक शाळेचे मास्तर होते, तीन जुने मॅनेजर होते, सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा होते.

देशकर काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अन् मी काहून नाही यात?"

सर म्हणाले, "अवं, तू ऋणनिर्देशात आहेस ना!"

"तो केव्हा लिहिणार?"

"कादंबरी पूर्ण झाल्यावर."

"म्हणजे नाहीच!" काकू म्हणाल्या, आणि सरांसमोरची पोह्यांची प्लेट उचलून आत गेल्या.

*

प्रवीण हा आमच्यातला तरुण मेंबर. धंदा प्लॉट विकण्याचा. शहराच्या चारी बाजूंना त्याचे प्लॉट आहेत, फक्त कादंबरीत एकही नाही.

प्रवीणची गाडी रोज चारशेवर येऊन अडायची. मग एका आठवड्यात अचानक रोज पाचशे, सव्वापाचशे! रविवारी त्यानं कागद आणले तेव्हा मी सहज एक पान उचललं. 'घरा मध्ये'. 'झाडा खाली'. 'तिच्या साठी'. 'त्या च्या मुळे'. एकेका शब्दाचे दोन-दोन, तीन-तीन तुकडे!

"अरे प्रवीण, हे सगळं जोडून लिहितात ना!"

"भाऊ," तो मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "अख्खा एकर कोणी विकते का गा? तुकडे पाडाचे, मंग विकाचे!"

मला वाटलं, आता देशकर सर याची चांगली हजेरी घेणार. सरांनी चष्मा पुसला, पान दोनदा वाचलं आणि परत दिलं. संध्याकाळी ग्रुपवर सरांचा आकडा आला. सहाशे चाळीस!

*

पुढे प्रवीणला बसून लिहिण्याचाही कंटाळा आला. त्यानं बोलून टाइप करायला सुरुवात केली. सकाळी फिरता फिरता मोबाइल तोंडाजवळ धरायचा आणि बोलत सुटायचा. घरी येईपर्यंत पाचशे तयार! व्यायाम झाला तो वेगळाच.

रविवारी त्यानं आपला प्रेमप्रसंग वाचायला घेतला. आवाज एकदम मखमली. "नयना, तुझ्या या नेत्रांच्या सागरात मला माझ्या जन्मोजन्मीच्या, अबे ए, गाडी हटव ना, बाप का रोड है क्या, स्वप्नांचे प्रतिबिंब दिसते."

वाक्य पूर्ण झाल्यावर तो थांबला. कानशिलं लाल.

मग आमच्या ग्रुपमधल्या एकुलत्या एक बाई, वैशालीताई, अगदी शांतपणे म्हणाल्या, "प्रवीण, मधलं तेवढं ठेवा. साऱ्या कादंबरीत तेवढाच एक माणूस बोलतोय."

प्रवीणला राग आला. त्यानं तिथल्या तिथे पेनानं ते खोडलं. तेव्हा देशकर सर कळवळून ओरडले, "अबे, खोडू नको! आठ-दहा शब्द कमी होऊन राहिले ना!"

*

लेखकाला टेबल मोठं लागतं, हा सरांचा सिद्धांत. त्यांनी सागवानी टेबल आणलं. ते जिन्यात वळेना, म्हणून अंगणातच राहिलं. सर तिथे बसून लिहू लागले. म्हणजे बसू लागले. चैत्र लागला आणि काकूंनी त्यावर धोतर अंथरून कुरड्या घातल्या. सरांनी ग्रुपवर जाहीर केलं, 'जागेअभावी आठवडाभर लेखन स्थगित.'

रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी काकूंकडे तक्रार केली, तर काकू म्हणाल्या, "टेबल आल्यापासून त्याच्यावर पहिल्यांदा काही तयार होऊन राहिलं!"

*

आता वैशालीताईंची गोष्ट. त्या शाळेत शिकवतात. नवरा नोकरीमुळे बाहेरगावी, घरी त्या आणि सासूबाई. त्यांची कादंबरी एका छळवादी सासूवर होती. सगळं पुण्यात घडत होतं. त्या सासूला एकच मुलगा आणि एकच सून, बाकी नातंगोतं कुणी नाही. असं का, तर खऱ्या सासूबाईंना शंका येऊ नये म्हणून! खऱ्या सासूबाईंना एक मुलगीही होती. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि हुडकेश्वरला संसार थाटला. "तिच्या घराची पायरी चढणार नाही," असं म्हातारीनं तेव्हा सांगितलं, ते सांगितलंच. आमच्या सक्करदऱ्याहून हुडकेश्वर म्हणजे ऑटोनं जेमतेम अर्धा तास. पण वैशालीताईंच्या घरात त्या मुलीचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

सासूबाईंना मोतीबिंदू. वाचता येईना, म्हणून दिवे लागले की त्या सुनेला म्हणायच्या, "आज काय लिहिलं, वाच वं." वैशालीताई रोजचे पाचशे शब्द वाचून दाखवायच्या. म्हातारी अगदी रंगून ऐकायची. वर मत द्यायची, "मोठी कजाग बाई आहे वं ही! सुनेले सुखानं खाऊ नाही देत!" वैशालीताई रविवारी हे आम्हाला सांगायच्या आणि आम्ही पोट धरून हसायचो. स्वतःची गोष्ट स्वतः ऐकते आणि पत्ता नाही!

मग वैशालीताईंची कादंबरी अडली. रोजचे पाचशे जमेनात. त्यांनी गच्चीवर सल्ला विचारला. प्रवीण म्हणाला, "ताई, सासूले मारून टाका! आजारपण, दवाखाना, नातेवाईक, तेरावं. पंधरा दिवसांची चिंता नाही!" सर म्हणाले, "मरणात शब्द लय निघतात." मीही मान डोलावली.

वैशालीताईंनी त्या संध्याकाळी कादंबरीतल्या सासूला खाटेवर टाकलं. डॉक्टरांनी हात टेकले, इथपर्यंत लिहिलं आणि नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. सासूबाईंनी या वेळी काही मत दिलं नाही. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं,

"उद्या मरते का वं ते?"

"उद्या नाही तर परवा, आई. का हो?"

"काही नाही. मारायच्या आंधी तिले एकडाव हुडकेश्वरले नेऊन आण."

दुसऱ्या संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे आकडे आले. वैशालीताईंचा आला नाही. देशकर सरांनी विचारलं, 'ताई, आजचे पाचशे?'

थोड्या वेळानं उत्तर आलं, 'ऑटोत आहे. आई सोबत आहेत.'