विद्याताईच्या फ्रिजमधली वाळू

मार्चमधली गोष्ट. शिकागोची ट्रेन पकडायला नेपरव्हिल स्टेशनवर गाडी पार्क करत होते, तेवढ्यात विद्याताईच्या नवऱ्याचा, अनंतरावांचा फोन आला. ती झोपेतच गेली… आदल्याच संध्याकाळी ती माझ्याशी तासभर गप्पा मारत होती. असं कुणी जातं का? मला अजून तिचा राग येतो.

विद्याताई मूळची नागपूरची. इथे औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये होती आणि घरामागे जंगली ल्युपिन लावायची. निळ्या-जांभळ्या फुलांचे उभे तुरे येणारं हे इथलंच रानटी झाड. नर्सरीतल्या रंगीबेरंगी ल्युपिनला ती नाक मुरडायची. एक इवलंसं निळं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या फक्त ह्या जंगली ल्युपिनचीच पानं खातात. झाड कमी झालं, तसं फुलपाखरूही दिसेनासं झालं. हे कळल्यापासून बाईंनी ध्यासच घेतला. "दुसरं काही तोंडाला लावतच नाही गं ते. आमच्या अनंतसारखं हटवादी," म्हणायची.

आमच्याकडची माती चिकट, आणि ल्युपिनला हवी वाळू. मग अनंतरावांना पोती उचलायला लावून तिने एक वाफा केला. प्रत्येक बी सँडपेपरवर हलकेच घासायचं, रात्रभर भिजवायचं, ओल्या वाळूत मिसळून पिशवीत भरायचं आणि सहा-सात आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं, म्हणजे बीला वाटतं हिवाळा झाला. मग थेट जागेवर पेरायचं. मूळ खोल जातं, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. मलाही तिने बिया दिल्या होत्या. मी आपली तुळशीच्या सवयीने त्या कुंडीत लावल्या, भरपूर खत घातलं, मग रोपं अंगणात हलवली. आठवड्यात त्यांनी माना टाकल्या. "लाडाने मारलंस त्यांना," एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या वाफ्यातलीही बरीचशी सशांनी खाल्ली. यंदा शेवटच्या उरलेल्या बिया तिने फेब्रुवारीत फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. "ह्या तगल्या तर दोन-तीन वर्षांत फुलं बघू."

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी आम्ही सगळ्या मैत्रिणी जमलो. दुःखाच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून कोणी कधी जेवण आणायचं याची यादी ऑनलाइन फिरली आणि दुपारपर्यंत ओट्यावर डब्यांची रांग लागली. फ्रिजमध्ये जागा नव्हती. मी बाह्या सरसावल्या. शिळं काढलं, सुकलेली कोथिंबीर काढली, खालच्या कप्प्यातली चिखलासारखं काहीतरी भरलेली पिशवीही काढली आणि सगळं कचऱ्यात टाकलं. कचऱ्याचा ट्रक त्याच सकाळी आधी येऊन गेला असता, तर सगळं पुढचा आठवडाभर डब्यातच राहिलं असतं, निदान शोधता आलं असतं. तो आला तीन दिवसांनी, आणि मला आठवलं पाचव्या दिवशी, भांडी घासताना. त्या पिशवीत तिच्या बिया होत्या…

सात आठवडे मी ते मनात घेऊन फिरले. अनंतरावांकडे जायचे, चहा करायचे, तोंड उघडायचे आणि हवामानाबद्दल बोलून परत यायचे. मागच्या रविवारी मात्र सांगून टाकलं. "अनंतराव, फ्रिजमधल्या तिच्या बिया… मी फेकल्या."

ते कप बशीत ठेवून म्हणाले, "माहीत आहे. मी दारातच उभा होतो."

"मग थांबवलं का नाही?"

"एप्रिलमध्ये मला त्या पेराव्या लागल्या असत्या, एकट्याला. माझ्याच्याने झालं नसतं गं ते… तू पिशवी उचललीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी तिच्या फोटोकडे बघू शकलेलो नाही."

सात आठवडे मला वाटत होतं की ही चूक माझी एकटीची आहे. मी त्यांचा हात धरला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघंही रडलो.