देवळाचं दार कुठल्या दिशेला

नरसव्वानं मला घर दिलं, हे आधी सांगते. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सोलापुरात आले तेव्हा माझ्याकडं आठवीपर्यंतची शाळा आणि आईकडून आलेलं तेलुगू, एवढंच होतं. माझं गाव सिरोंच्याकडं — लई लांब. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात काम लागलं, पण एकट्या बाईला खोली कोण देणार? तिथल्याच एकीनं सांगितलं, विड्या वळणारी नरसव्वा म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या मूळ गावचं कुणी आलं तर ती नाही म्हणत नाही. गावाचं नावही सांगितलं. मी दारात जाऊन माझं गाव म्हणून तेच नाव घेतलं.

"मग भायेर का उभी ऱ्हायलीस? ये की आत."

दुसरा प्रश्न नाही. का नाही विचारला? मला तिचाच संशय यायला लागला — असं उगीच कुणी कुणाला घरात घेतं का?

मग एकदा विड्या वळता वळता तिनंच सांगितलं. इंग्रजांच्या काळात तिचा विणकर पणजोबा निजामाच्या मुलखातून निघाला. हैदराबाद जवळ होतं, मुंबईच्या गिरण्या मोठ्या होत्या. तरी सोलापूरच का, मी विचारलं.

"हितं गावचा एकजण आदीच आला हुता. त्यानं मागाशेजारी झोपायला जागा दिली. मुलूख बघून न्हाय जात गं कुणी, माणूस बघून जातं."

तेव्हापासून घराची ही रीत. अव्वानं — मी तिला अव्वाच म्हणते, म्हणजे आजी — स्वतः ते गाव कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी एक बाई आली. हातात पिशवी, तोंडात तेच गाव. ही राहिली तर मी उघडी पडणार.

"तू त्याच गावची हायस की. तूच इचार," अव्वा मला म्हणाली.

मी विचारलं, देवळाचं दार कुठल्या दिशेला?

"उत्तरेला," ती लगेच म्हणाली.

मला कुठं माहीत होतं? तरी मी मान हलवली. "खोटं बोलतीय ही, अव्वा."

अव्वानं तिला पाणी दिलं. मग दार लावलं. जागा नव्हती का? होती — तिघी सहज मावलो असतो.

अजूनही अव्वा वाढता वाढता मध्येच माझ्याकडं बघत राहते. तिला कळलंय का? तेव्हाच कळलं होतं? मी ताटात बघते.

देवळाचं दार न अडखळता सांगणाऱ्या खऱ्या बाईला मी खोटी ठरवलं. माझ्या तोंडानं.

अव्वा, तुझे उपकार मी फेडीन. कधीतरी तिला शोधून तुझ्या दारात आणीन — आणि ती आत जाईल तेव्हा मी बाहेर असेन.