खंडेनवमीची मॅच

माझी नोकरी काय आहे हे गावात कुणाला सांगायची वेळ आली की मी आधी एक मोठा श्वास घेते. "टीव्हीवर मॅच बघते," म्हटलं तर लोक हसतात. "मॅच नाही हो, मॅचमधल्या जाहिराती बघते," म्हटलं तर आणखी हसतात. चौक गावच्या बाजारातल्या भाजीवालीने तर एकदा सरळ विचारलं, "आमी बी बघतो की गं दिवसभर, आमाला कोन देतंय पगार?" तेव्हापासून मी "कंप्युटरचं काम आहे" एवढंच सांगते आणि कोथिंबीर घेऊन पुढे सरकते.

खरं काम असं आहे. समुद्रापलीकडच्या एका देशात रग्बी लीग नावाचा खेळ चालतो. तेरा-तेरा जणांचे दोन संघ, एक लांबट चेंडू आणि त्याच्यापायी एकमेकांच्या अंगावर पडणारी दांडगी माणसं. हा खेळ दाखवायचा हक्क तिथलं एक चॅनेल ढीगभर पैसे मोजून विकत घेतं आणि जाहिरातींतून वसूल करतं. मैदानाच्या कडेच्या पाट्यांवर, खेळाडूंच्या छातीवर, पाठीवर, बाहीवर, रिकामी जागा म्हणून ठेवलेली नसते. जाहिरातवाला मग साहजिकच विचारतो, माझं नाव किती वेळ दिसलं? त्याला ते उत्तर मुंबईतली आमची कंपनी देते, आणि कंपनीला ते इथे गावात, लोधिवलीत बसून मी देते. यादीतलं नाव पडद्यावर पुरतं वाचता आलं की कळ दाबायची, झाकलं गेलं की सोडायची. अर्धवट दिसलं तर दिसलं नाही असं धरायचं. कोण जिंकलं याच्याशी मला काही देणंघेणं नाही. सुरुवातीला मात्र मी खेळातच गुंतून जायचे आणि पाट्या सुटायच्या. तशा एका चुकीबद्दल मॅडमनी मला खरमरीत समज दिली होती. मॅडम म्हणजे आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाई. त्या पहिल्यापासून घरूनच काम करतात, त्यामुळे त्यांना मी फोनवरच ओळखते. कामापुरतं बोलतात, हसताना कधी ऐकलं नव्हतं.

आधी हेच काम मी मुंबईच्या ऑफिसात जाऊन करायचे. अंधारात घरातून निघायचं, कर्जत गाठायचं, आणि परत येईपर्यंत पुन्हा अंधार. सासरे गेले त्या वर्षी मी असल्याच धावपळीत होते. घरात सासूबाई दिवसभर एकट्या. नवऱ्याचा टेंपो आहे, तोही हायवेवर. एकदा मला ताप आला म्हणून मी घरी राहिले, तेव्हा दिसलं, सासूबाई दुपारी जेवतच नाहीत. सकाळची भाकरी तशीच टोपलीत होती. विचारलं तर म्हणाल्या, "येकटीसाटी ताट कोन वाढून घेतंय?" मला इतकी शरम वाटली की मी त्याच आठवड्यात घरून काम मागितलं, आणि ते मिळालं.

जिथे पूर्वी भाताची पोती रचलेली असायची, त्या खोलीत टेबल आणि मोठा स्क्रीन आला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. दीड वाजता आम्ही दोघी जेवायचो आणि मग मॅच. सासूबाई माझ्यामागे पाटावर बसायच्या. सासरे जवानीत गावच्या संघात कबड्डी खेळलेले, त्यामुळे धरपकड सासूबाईंना नवी नव्हती. चेंडूवाल्याला सहा वेळा आडवा केला की चेंडू दुसऱ्यांकडे जातो, हे त्यांना माझ्याआधी समजलं. "धरा रं त्याला! पाय धरा, पाय!" असं त्या ओरडायच्या. एकच तक्रार होती, "कबड्डी-कबड्डी म्हनत नाय, मंग ह्यांचा दम कसा कळतो गं?" मी चिडायचे, गप्प बसा म्हणायचे. पण कधी त्या शेजारी गेल्या आणि खोली शांत झाली की माझंच लक्ष लागायचं नाही.

मोसम संपत आला तेव्हा मॅडमनी सगळ्यांना कळवलं, की फायनलनंतर घरून काम करणाऱ्यांपैकी काहींना परत ऑफिसात बोलावणार. ज्यांचं काम चोख, तेच घरी राहतील.  एक चूक माझ्या नावावर होतीच. सासूबाईंना मी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक पाटी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले.

त्यांची फायनल आणि आपला दसरा त्या वर्षी एकाच आठवड्यात आले. सेमीफायनलच्या रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे होतं, आणि अहवाल दसऱ्याच्या सकाळपर्यंत द्यायचा होता. खंडेनवमीला दुपारी जेवून मी खोलीत गेले, तर टेबलावर पूजा मांडलेली. विळा, कोयता, पहार, नवऱ्याच्या टेंपोचा पाना हे सगळं घासूनपुसून ओळीने, आणि त्यांच्या मधोमध माझा स्क्रीन. त्याला हळदीकुंकवाची बोटं, आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधलेला झेंडूचा भरगच्च हार. हारात शेतातल्या भाताच्या लोंब्याही गुंफलेल्या होत्या. दोन टोकांना बांधल्यामुळे मधोमध त्याला चांगला झोळ आला होता.

"आई, हे काय? मला काम आहे ना!"

"आज हत्यारांचा दिस हाय गं. ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा नको?"

"मग हार तरी काढते."

"हात लावू नको! पुजलेलं उद्याच्याला उतरायचं." आणि मग जरा विचार करून, "टेंपो नाय चालत का हार घालून? मंग टीव्हीला काय धाड भरली?"

 नवऱ्याचा टेंपो खरंच सकाळी हारासकट खोपोलीकडे गेला होता. शिवाय मला वाटलं, वर असतं काय? प्रेक्षक आणि आभाळ. पाट्या खाली, शर्ट मधे, गुण डाव्या कोपऱ्यात, आणि ते हाराच्या खालून दिसत होते. मी हात जोडले, विळ्याकोयत्यांच्या मागे कीबोर्ड सरकवला आणि कामाला लागले.

यादीत त्या मॅचपुरतं एक नाव नवीन होतं. पाट्यांवर शोधलं, नव्हतं. शर्टांवर शोधलं, नव्हतं. ऐंशी मिनिटांची मॅच मी थांबवत थांबवत पाहिली आणि त्या नावापुढे शून्य लिहिलं. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला. दुसरी कुणी असती तर शून्य लिहायला घाबरली असती.

दसऱ्याला सकाळी मी पुरण वाटत होते, तोच मॅडमचा फोन. "एका नावापुढे शून्य आहे. काही राहिलंय का बघायचं?"

मी हात धुतले आणि परत बसले. हार तसाच होता, फुलं जरा मलूल झालेली. मी पुन्हा सगळं पाहिलं. नाव नाहीच. तोपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. सणाचा दिवस, अर्धवट वाटलेलं पुरण, आणि आपण एवढं जीव तोडून करूनही शंका. मी फोन करून सांगितलं, "मॅडम, दोनदा पाहिलं. नाही म्हणजे नाही. विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः बघा." आणि ठेवून दिला. 

दिवस कसाबसा गेला. संध्याकाळी सोनं लुटायला बाहेर पडायच्या आधी सासूबाई पूजा उतरवायला खोलीत आल्या. त्यांनी विळा उचलला, कोयता उचलला, मग हाराची गाठ सोडली. स्क्रीनवर मॅच सकाळी थांबवली होती तिथेच थांबलेली होती. हार खाली आला आणि वरच्या कडेला, बरोबर मधोमध, पांढऱ्या ठळक अक्षरांत ते नाव दिसलं.

मी मॅच पुढे सरकवली. नाव होतं. मागे नेली. होतं. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत चॅनेलने ते पडद्यावर तिथेच चिकटवलेलं होतं. बहुधा सेमीफायनलमध्ये सगळ्यांत जास्त वेळ दिसलेलं तेच एक नाव, आणि मी त्याच्यापुढे शून्य लिहून, वर मॅडमशी भांडून बसले होते. 

सासूबाई हार हातात घेऊन उभ्या. काहीतरी बिघडलंय एवढं त्यांना कळलं होतं. मग मी सगळंच सांगितलं, ऑफिसात परत बोलावणार आहेत तेही. नवरा नुकताच घरी आला होता. तो दारातूनच म्हणाला, "त्यात काय! फाईल खराब आलती म्हन. आता नवीन उतरवली, आता दिसतंय."

सुटका सोपी होती. पण फाईल खराब म्हटलं की ती पाठवणाऱ्या कुणाच्या तरी माथी ते जाणार, आणि त्यालाही घर असणार. मी नाही म्हटलं.  सासूबाई हळूच म्हणाल्या, "माजं नाव सांग. हार मी घातला, तू नाय. म्हातारीला कायबी कळत नाय म्हन." त्यांचा आवाज असा मऊ झालेला मी सासरे गेले तेव्हापासून ऐकला नव्हता. मला स्वतःचाच राग आला. मी फोन लावला.

मॅडमनी पहिल्याच रिंगला उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. "बरं झालं फोन केलात. तुमचंच बरोबर होतं. मी दुपारी घरी स्वतः बघितलं, ते नाव कुठेच नाही. चॅनेलने जाहिरात दाखवलीच नाही. तसा मेल लिहिलाय त्यांना, आता पाठवतेच आहे."

 गप्प बसले असते तर त्या क्षणी मीच खरी होते. मग तो मेल समुद्रापार जाऊन तिथे काय गोंधळ झाला असता, ते डोळ्यांपुढे आलं.

"पाठवू नका मॅडम," मी म्हटलं. "नाव आहे. माझ्या स्क्रीनला हार होता. खंडेनवमीचा. नाव त्याच्याखाली होतं."

 मी डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागणार, याची वाट बघत राहिले. 

मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दोरा तुटल्यासारखा. मग मॅडम अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अगं... आहे."

"काय मॅडम?"

"नाव. मधोमध. आमच्याकडे पण... सासूबाईंनी काल घातलाय."

आणि त्या हसायला लागल्या. मला आधी कळेचना, त्या रडतायत की हसतायत. "मी मेल पाठवणार होते गं! त्यांच्यावर आरोप करणार होते!" असं म्हणून पुन्हा हसल्या, आणि मग मीही सुटले. इतक्या दिवसांचं मानेवरचं ओझं असं एकदम उतरलं, की हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाई घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नवरा पाणी घेऊन आला.

हसणं आवरल्यावर मॅडम पुन्हा मॅडम झाल्या. सुधारलेला अहवाल आजच पाठवा म्हणाल्या. मी धीर करून विचारलं, "आणि माझं ऑफिसचं?"

"नाव हाराखाली होतं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर तुमच्याबरोबर मीही गेले असते. तुम्ही घरूनच करा. पण पुढच्या वर्षी स्क्रीनच्या खाली घाला हार."

फोन ठेवला. मी पाटावर बसले, सासूबाई रोज बसतात त्याच. त्या समोर उभ्या, हातात अजून तो हार.

"ऱ्हायलं का काम?"

"राहिलं. घरूनच."

 त्या हार देवासमोर ठेवून आल्या, आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि मी वाकले तशा डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "त्यांची फायनल कवा हाय गं?"

"रविवारी. दुपारी."

"मंग रविवारी भात लवकर टाकीन," त्या म्हणाल्या.